‘आई’ म्हणणारा माणूस

माजिदाच्या जिभेवर साखर ठेवूनच तिला वरून धाडलंय, असं गांगुर्डे सिस्टर म्हणायच्या. नाशिकला द्वारकेजवळच्या एका लहानशा प्रसूतिगृहात माजिदा कित्येक वर्षं आया होती. पेशंटला कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं, अंग पुसायचं, कळा सुरू झाल्या की कंबर चोळायची, आणि हे सगळं करताना तोंड अखंड चालू. “माझी बाय ती!” “राजा, पाय जरा सैल सोड.” “झालंच आता, सोन्या.” बाई मालेगावची असो की कॉलेज रोडची, वकिलीण असो की वीटभट्टीवरची, नाव विचारायच्या आधी माजिदाने नातं जोडलेलं असायचं.

बहुतेकींना ते गोड लागायचं. पेठकडची एक कोवळी पोर तर तिच्या गळ्यात पडून रडली होती, की माझ्या सख्ख्या आईनं मला असं कधी म्हटलं नाही. सगळ्यांनाच रुचायचं असं नाही. एका प्राध्यापक बाईंनी ऐन कळांमध्ये डोळे वटारून सांगितलं, “मी तुमची सोन्या-बिन्या कोणी नाही. पुढं काय होणार आहे ते मला नीट सांगा.” माजिदाने जीभ चावली आणि पुढच्याच क्षणाला “बरं, राजा,” म्हणून मोकळी झाली.

तिला स्वतःला मात्र सगळे ‘मावशी’ म्हणत. दवाखान्यात मावशी हे नातं नसतं, हुद्दा असतो. मावशी, फरशी पुसा. मावशी, भांडं उचला. घरी, वडाळा नाक्याला, नवरा हारुन. पितळी भांड्यांना पॉलिश करता करता त्याची छाती गेली होती. तो “सुनती क्या?” एवढीच हाक मारायचा. हारुनच्या पहिल्या बायकोचा मुलगा अल्तमश; तो अगदी लहान असल्यापासून माजिदाने त्याला वाढवला, पण तो तिला पहिल्यापासून ‘खाला’, म्हणजे मावशीच, म्हणत आला. पोरगा वाईट नव्हता. भिवंडीहून ईदला यायचा, येताना तिच्यासाठी कपडा आणायचा. पण खाला ती खालाच. तिच्या पोटी मूल झालं नव्हतं. अम्मी म्हणा, आई म्हणा, ती हाक तिच्या वाट्याला आलीच नाही, आणि आपल्याला ती हवी आहे हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

ते तिला योगेश आल्यावर कळलं.

थंडी कडाक्याची होती, द्राक्षांची तोडणी जोरात सुरू झाली होती. योगेश पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाउसमध्ये सुपरवायझर, राहायला मात्र नाशिकलाच. बायको निकिता, आठव्या महिन्यात, बीपी वाढलेलं, पाय सुजून टम्म. दवाखान्याच्या डॉक्टर आहेर मॅडमनी तिला दाखल करून घेतलं आणि बाळंतपणापर्यंत इथंच राहा म्हणून सांगितलं. खोलीत सामान लावून झाल्यावर योगेश बाहेर आला. माजिदा पोचा पिळत होती. तो तिच्यासमोर वाकला आणि म्हणाला, “आई, माझं पिल्लू तुमच्या हवाली. लेकरू समजून सांभाळा.”

माजिदाने मागं वळून पाहिलं. हा कुणाशी बोलतोय?

“तुम्हालाच म्हणतोय, आई. माझी आई गेली मी शाळेत असताना. तुम्हाला पाहिलं आणि तोंडातून निघालं. राग नाही ना आला?”

राग कसला! त्या दिवशी घरी भाकरी थापताना ती मध्येच थांबली आणि हारुनला म्हणाली, “एक पोरगा है, मुझे आई बोलता है.” हारुन खोकत म्हणाला, “कुछ काम होगा उसका.” तिला ते लागलं.

योगेश रोज येई. येताना द्राक्षांचा घड, कधी केळी. आईसाठी वेगळी पिशवी. सिस्टरना ‘दीदी’, रिसेप्शनवरच्या मुलीला ‘छोटी’, वॉचमनला ‘दादा’. दार उघडताच त्याची हाक ऐकू यायची, “काय म्हणतंय माझं पिल्लू?” आजूबाजूच्या खोल्यांतल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे पाहून उसासे टाकायच्या. “बघा, याला म्हणतात जीव लावणं.”

निकिता मात्र गप्प असायची. चोवीसेक वर्षांची, सायखेड्याची मुलगी, रुंद कपाळाची. विचारलं तर उत्तर द्यायची, तेवढंच. माजिदाला वाटलं, पोर घाबरलीय, पहिलंच बाळंतपण. तिला खुलवावं म्हणून एकदा अंग पुसताना तिने योगेशचाच शब्द उचलला. “पिल्लू, हात वर कर बरं.”

निकिताने पलंगाची दांडी गच्च धरली. बोटं पांढरी पडली. “मला तसं म्हणू नका.”

“का गं, राजा?”

“राजा नको. सोन्या नको. काहीच नको. माझं नाव निकिता आहे.”

माजिदाला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तिने मुकाट्याने पाठ पुसली, गाऊनच्या नाड्या बांधल्या आणि बाहेर येऊन सिस्टरजवळ कुरकुरली, “नवरा एवढा सोन्यासारखा, अन् हिला गोड बोललेलं खपत नाही. नशिबाचं काही खरं नाही बाई.”

त्याच दुपारी निकिताने गांगुर्डे सिस्टरकडे फोन मागितला. तिचा स्वतःचा फोन योगेशकडे होता. डॉक्टरांनीच आराम सांगितलाय, असं तो सांगायचा. सिस्टरनी दिला. ती आईशी बोलली, खिडकीकडे तोंड करून, हळू आवाजात. फोन परत करताना पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा तरतरी दिसली. संध्याकाळी योगेश आला, जिन्यातच माजिदा भेटली. “आई, कसं आहे पिल्लू? कोण आलं-गेलं?”

माजिदाने आनंदाने सांगून टाकलं, “आज खुललीय जरा. सिस्टरच्या फोनवरून आईशी बोलली ना.”

“अरे वा,” तो म्हणाला. “बरं झालं सांगितलंत. लेकाला असंच सगळं सांगत जा.”

खोलीचं दार त्याच्यामागं बंद झालं. भेटायच्या वेळेत ते बंदच असायचं. त्यात नवल नव्हतं. शेकायची गरम पाण्याची पिशवी द्यायची होती म्हणून माजिदाने कोपराने दार ढकललं. योगेशची पाठ तिच्याकडे होती. त्याने निकिताचा डावा हात आपल्या हातात घेतला होता, कुणालाही वाटावं की प्रेमानेच घेतलाय. त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

“मी काय सांगितलं होतं, पिल्लू? फोन लागला तर माझ्याकडे माग. मागितलास का?”

आणि तो तिची करंगळी मागं वाकवत होता. “नाही ना मागितलास, पिल्लू?” आणखी थोडी. “असं करतं का माझं पिल्लू?” आणखी थोडी. निकिताच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. ती छताकडे बघत होती आणि डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं.

माजिदाच्या हातातून पिशवी निसटली. योगेशने वळून पाहिलं. हात सोडला नाही. अंगठ्याने ती बोटं चोळायला लागला. “या ना, आई. किती सूज आलीय बघा हिच्या बोटांना.”

माजिदाने पिशवी उचलून पलंगावर ठेवली आणि बाहेर आली. चादरींच्या खोलीत जाऊन धुतलेल्या चादरींना टेकून उभी राहिली. आपण नीट पाहिलं का? नवरा-बायकोचं काहीतरी असेल. सूज तर होतीच. मग तिच्या ध्यानात आलं, की फोनचं त्याला सांगितलं कुणी. तिचं तोंड कडू पडलं. त्या पोरीचं बोट आपणच त्याच्या हातात दिलं होतं, एका ‘आई’पायी.

थोड्या वेळाने सिस्टर बीपी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “भेटायच्या वेळेनंतर हिचं बीपी नेहमी कसं वाढतं कोण जाणे. नवरा आला की आनंद होत असेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने निकिताच्या खोलीचं दार आतून लावलं आणि पलंगाजवळ उभी राहिली. बसली नाही.

“निकिता,” ती म्हणाली. बाकी काही न जोडता नुसतं नाव घ्यायची तिच्या जिभेला सवय नव्हती. तो शब्द उघडा-बोडका वाटला. “काल फोनचं मी सांगितलं त्याला. मला ठाऊक नव्हतं. माझी चूक झाली.”

निकिताने मान तिच्याकडे वळवली. “तुम्हाला तो आई म्हणतो ना?” ती म्हणाली. “माझ्या आईलाही म्हणायचा. लग्नाआधी. माझी आई भोळी, सगळीकडे सांगत सुटली, जावई नाही, लेक मिळालाय.” करंगळी तिने दुसऱ्या हातात धरून ठेवली होती. “तो ओरडत नाही, मावशी. शिवी देत नाही. शेजारच्यांना वाटतं, किती लाडात ठेवलंय. पहिल्यांदा पिल्लू म्हणाला की मला कळतं, आता सुरू होणार. म्हणून तो शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून आला तरी माझं अंग आखडतं. तुमच्यावर राग नव्हता माझा.”

“आहेर मॅडमना सांगू?”

“त्यांनी विचारलं तर मी नाही म्हणेन. तो मला घरी नेईल, मग?”

“मग मी काय करू? तू सांग. तू म्हणशील तेच करते.”

निकिताने वडिलांचा नंबर सांगितला. तो तिला पाठ होता. माजिदाने तो आपल्या फोनवर दाबला आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. पलीकडून पाण्याच्या मोटारीची घरघर आणि एक दमलेला आवाज आला, “कोन बोलतंय?”

“दवाखान्यातून बोलते. तुम्ही निकिताचे वडील का?”

“हा, मी सावळीराम. काय झालं? पोर बरी हाय ना आमची?”

“आहे. पण तुम्ही दोघं या. आजच या.”

“अवो, जावई म्हनले का डॉक्टरनं कुनालाच भेटू द्यायचं नाय सांगितलंय. आमी दोनदा निंघालो, दोनदा त्यांनी वाटंतून परत धाडलं.”

“डॉक्टरनी असं काही सांगितलेलं नाही,” माजिदा म्हणाली. “तुमची पोर बोलावतेय. जावयाला विचारू नका, सरळ या.”

पलीकडे मोटार बंद झाल्याचा आवाज आला. “आलोच,” सावळीराम म्हणाला.

आईबाप निघाले म्हटल्यावर निकितानेही मान हलवली, तेव्हा माजिदाने गांगुर्डे सिस्टरना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. सिस्टरना आधी खरं वाटेना. मग त्या खोलीत गेल्या, निकिताची करंगळी हळूच दाबून पाहिली आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. आहेर मॅडम ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या, सिझर चालू होतं. “बाहेर आल्या की लगेच सांगते,” सिस्टर म्हणाल्या.

पण मॅडमच्या आधी योगेश आला. भेटायची वेळ नव्हती. सासऱ्याने निघायच्या आधी घाबरून त्याला फोन केला होता की आणखी कुणी कळवलं, ते शेवटपर्यंत समजलं नाही. तो हसतच आला. रिसेप्शनवर म्हणाला, “छोटी, आमचा डिस्चार्ज कर. माझ्या जबाबदारीवर नेतोय, कुठं सही करायची सांग. इगतपुरीला माझी बहीण आहे, तिथं हवा चांगली.” आणि सरळ खोलीकडे चालायला लागला.

माजिदा दारात उभी होती. आपण तिथं जाऊन कधी उभं राहिलो हे तिला नंतर आठवेना. तिने एका हाताने चौकट धरली होती.

“आई, बाजूला व्हा,” योगेश प्रेमाने म्हणाला.

“पेशंटचं बीपी जास्त आहे. मॅडम आल्याशिवाय कुणाला नेता येणार नाही.”

“माझी बायको आहे ती, आई. तुम्ही का एवढा त्रास करून घेताय? लेकावर विश्वास नाही?” त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारीची समजूत काढतोय. अंगठा मात्र गळपट्टीच्या हाडामागं रुतत चालला होता. “बाजूला हो ना, आई.”

कळ मानेपर्यंत गेली. माजिदा त्याच्या तोंडाकडे बघत होती. तोच चेहरा, तेच हसू. तिला वाटलं, मी जर आत्ता हलले तर हा मला उद्याही आई म्हणेल, द्राक्षं आणेल.

“मी तुझी आई नाही,” ती म्हणाली. आवाज मोठा निघाला. समोरच्या खोलीतल्या बायका दारात आल्या. “मी इथली आया आहे. खांद्यावरचा हात काढ.”

हात निघाला. गांगुर्डे सिस्टर तोवर धावत आल्या होत्या. दारातूनच त्यांनी विचारलं, “निकिता, तुला यांच्याबरोबर जायचंय का?”

निकिता पलंगावर उठून बसली होती. योगेश माजिदाच्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, “सांग ना, पिल्लू. सांग यांना.”

निकिताचे ओठ हलले. शब्द आला नाही. माजिदाच्या जिभेच्या टोकावर “बोल माझी बाय” येऊन थांबलं होतं, ते तिने दातांखाली दाबून धरलं. हे त्या पोरीचं तिनेच म्हणायचं होतं. कुणाच्या लाडाने नव्हे, कुणाच्या धाकाने नव्हे.

“नाही,” निकिता म्हणाली. मग जरा मोठ्याने, “मला जायचं नाही. माझ्या आईबापाला बोलवा.”

मग मात्र योगेशचा आवाज चढला. तिथं कुणीच तो चढलेला ऐकला नव्हता. आयाबाईने बायकोचे कान भरले, दवाखान्याने डांबून ठेवलंय, मी एकेकाला बघून घेईन. ‘आई’वरून ‘ही बाई कोण, कुठली’वर यायला त्याला वेळ लागला नाही; इतक्या दिवसांत कधी न घेतलेलं तिचं आडनावही त्याला नेमकं तेव्हाच आठवलं. ते तो असं उच्चारत होता, की बघणाऱ्यांपैकी दोघांनी माना खाली घातल्या. माजिदा चौकट धरून उभी राहिली. हलली नाही.

आहेर मॅडम थिएटरच्या हिरव्या कपड्यांतच आल्या. त्यांनी निकिताला पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. “पेशंट सज्ञान आहे. तिची इच्छा नसताना कुणीही तिला हलवणार नाही,” असं योगेशला सांगून त्यांनी त्याच्यासमोरच पोलीस ठाण्याला फोन लावला. तो जिना उतरून गेला. जाताना वॉचमनला ‘दादा’ म्हणाला नाही.

सावळीराम आणि त्याची बायको कुसाबाई पोचले तेव्हा निकिताचं डोकं ठणकायला लागलं होतं, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. मॅडमनी वाट पाहिली नाही. संध्याकाळच्या आत सिझर झालं. मुलगी झाली, मुठीएवढी, आणि तिला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. बाहेर कुसाबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. माजिदा शेजारी बसली तेव्हा ती म्हणाली, “मला लेक म्हनायचा वो तो. माझ्या पायावर डोकं ठेवायचा. मी माझ्या पोरीवर नाय इस्वास ठेवला, त्याच्यावर ठेवला.” माजिदाने तिचा हात धरला. तिला समजावायला माजिदाकडे काही नव्हतं. दोघी एकाच गुळाला लागलेल्या माश्या होत्या.

निकिता बाळाला घेऊन सायखेड्याला गेली. पुढचं काही झटक्यात सुटलं नाही. तक्रार झाली, तारखा सुरू झाल्या. योगेशच्या बाजूचे लोक गावात येऊन बसू लागले. एवढा जीव लावणारा नवरा, पोरीनं चार शब्द सोसायचे, असं बोलू लागले. आता कुसाबाईच त्यांना उंबऱ्यावरून वाटेला लावायची.

एका दुपारी माजिदाच्या फोनवर अनोळखी नंबर आला.

“आई, कशी आहेस? लेकाला विसरलीस ना?”

ती जिन्यात होती. कठड्याला धरून खाली बसली.

“राग गेला का, आई? मी चुकलो. एकच सांग, पिल्लू बाळाला डोस द्यायला तुमच्याकडे कधी येणार आहे? लांबून बघेन फक्त.”

माजिदाने फोन बंद केला. भीतीबरोबर आणखी एक गोष्ट आत हलली होती, तिची तिला लाज वाटली. त्या हाकेने अजूनही कुठंतरी गोड कळ उठली होती. ते तिने कुणालाच सांगितलं नाही. फोनचं मात्र लगेच आहेर मॅडमना जाऊन सांगितलं, आणि मॅडमनी निकिताला डोससाठी दुसरीकडे जायला कळवलं.

त्या फोनमुळेच तिला पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जावं लागलं. हारुन बरोबर आला. दम लागत असतानाही आला, आणि ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं एकदाही म्हणाला नाही. आत एक महिला हवालदार बसल्या होत्या, केस पिकायला लागलेल्या. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, “या आई, बसा.”

माजिदाच्या अंगावर काटा आला. ती तशीच उभी राहिली. हवालदार बाईंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, उठून एक खुर्ची ओढली, दुसरी हारुनसाठी आणली, पंखा त्याच्या दिशेने वळवला. मग कागद पुढं घेऊन विचारलं, “काय म्हणू तुम्हाला?”

“माजिदा हारुन मनियार,” ती म्हणाली. आणि खुर्चीवर बसून, पहिल्या दिवसापासून काय काय झालं, ते सांगायला लागली.